पाहुण्यांसमोरचा डावा हात

आमचे मुख्याध्यापक शोपोव सर सोफियाहून एक प्रशिक्षण घेऊन परतले आणि आमच्या शिक्षक-खोलीची शांती भंगली. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि जाहीर केलं, की यापुढे आपण सुटे सुटे शिक्षक नाही, आपण शिकणाऱ्यांचा एक गट आहोत. दर बुधवारी एकानं वर्ग घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून बघायचा आणि मग एकत्र बसून मोकळेपणानं बोलायचं. काय जमलं, काय नाही जमलं.

"मोकळेपणानं म्हणजे किती?" भूगोलाच्या दोब्रिंकानं विचारलं.

"अगदी मोकळेपणानं," सर म्हणाले. ते आधी जिल्ह्याच्या कचेरीत होते, शाळेत नवे होते. त्यांना आमची शिक्षक-खोली अजून कळलेली नव्हती.

आमच्या खोलीत प्रत्येकाचं स्वतंत्र कपाट, आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. दोब्रिंकाचे नकाशे कुलपात, रसायनवाल्यांच्या परीक्षानळ्या कुलपात, आणि गणिताच्या मिलित्साबाईंची उदाहरणं तर अशी कुलपात, की जणू तिजोरीतले दागिने. मिलित्साबाई म्हणजे शाळेचा कणा. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या अर्ध्याला छड्या दाखवल्या. बेकरीवाला अजून त्यांना बघून टोपी काढतो. अशा बाईला 'तुम्हांला काय नाही जमलं' हे विचारायचं कुणी?

माझं सोपं होतं. मी खेळाचा शिक्षक, नाव ओग्न्यान, कपाटात चेंडू. माझा तास बघायला सगळे आले, कोट अंगावर ठेवून व्यायामशाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि नंतर "वा, किती हवेशीर" म्हणाले. झाला माझा मोकळेपणा.

बाकीच्यांचे तास मात्र बघण्यासारखे. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे तास हा तास राहत नाही, नाटक होतं. आठवडाभर आधी तालमी. कोण काय विचारणार, कोण काय सांगणार, सगळं ठरलेलं. आणि सगळ्यांत भारी म्हणजे हात. प्रश्न आला की वर्गातल्या एकूण एक मुलानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बाई उजव्या हातांतून कुणाला तरी उठवतात, उत्तर खणखणीत येतं, पाहुणे खूश. ही युक्ती मिलित्साबाईंची. पण आता ती इतकी जुनी झालीय की पहिलीतल्या पोरांना कुणी मुद्दाम शिकवतसुद्धा नाही. मोठ्या भावंडांकडून आपोआप येते, गोवर येतो तशी.

तर दोब्रिंकाचा तास सुंदर झाला. मिलित्साबाईंचा तर विचारूच नका. नंतर दोब्रिंकानं घरून भाजून आणलेली गरम बानित्सा, पापुद्र्यांतून चीज अजून ओघळतंय, आणि प्रत्येकाकडून प्रत्येकाचं कौतुक. शोपोव सर सद्गदित झाले. एवढी हुशार शाळा त्यांनी बघितलीच नव्हती.

मग यासेनाची पाळी आली.

यासेना गेल्या शरदात प्लोवदिव शहरातून आली. त्याआधी गणिताची एक जागा वर्षभर रिकामी होती, आणि त्या वर्षी सहावीच्या एका तुकडीचं गणित कुणी घेतलं असेल? मी. ऑफसाइडवरून कोन शिकवले, स्कोअरवरून वजाबाकी. त्या पोरांचं जे नुकसान झालं ते झालं, पण माझे जे हाल झाले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणून यासेना आली त्या दिवशी मी तिची बॅग स्वतः उचलून वर नेली. पुढे मात्र ती मला खरंच आवडायला लागली. सरळ पोरगी. मधल्या सुट्टीत व्यायामशाळेच्या सामानाच्या खोलीत माझ्याकडे येऊन, गाद्यांच्या ढिगावर बसून चहा प्यायची.

"मिलित्साबाईंना विचारलं, तुमच्या वर्गात येऊन बसू का," ती एकदा म्हणाली. "तर म्हणाल्या, ये की, पाहुण्यांचा तास असेल तेव्हा."

"मग बरोबर आहे. एरवी त्या वर्गात देवालासुद्धा बसू देत नाहीत."

"ओग्न्यानदादा, हसू नका. माझी मुलं गप्प बसतात. प्रश्न विचारला की बाकाकडे बघतात. मला कळतच नाही, त्यांना काय कळलं नाही ते." तिनं चहा खाली ठेवला. "बुधवारचा तास मी शेवटचा प्रयत्न म्हणून घेणार आहे. नाही जमलं तर परत जाते. मावसभाऊ एका कंपनीत फोन घ्यायची नोकरी लावून देतोय. तिथं निदान समोरचा माणूस बोलतो तरी."

"तालीम केलीस ना?"

"कसली तालीम? नाटक आहे का?"

मला वाटलं, गंमत करतेय.

बुधवार मार्चच्या पहिल्या आठवड्यातला. सगळ्या पोरांच्या मनगटांवर मार्तेनित्सा, लाल-पांढरे धागे, कुणाला एक तर कुणाला कोपरापर्यंत. आमच्या गावात त्या डाव्याच हाताला बांधतात आणि पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत काढत नाहीत. आम्ही मागच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. यासेनानं फळ्यावर मोठा थर्मामीटर काढला, शून्याच्या खाली निळा, वर तांबडा. छान काढला होता. थोडं बोलली आणि मग विचारलं, "उणे तीनमधून उणे पाच वजा केले तर किती?"

सगळ्या वर्गाचे हात वर.

तिचा चेहरा असा उजळला, की मला तो अजून दिसतो. इतके महिने बाकाकडे बघणारी मुलं, आणि आज सगळ्यांना येतंय! पण मी मागून बघत होतो. माझ्यासमोर नुसते लाल-पांढरे धागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-पांढरं, मध्ये कुठंतरी दोन-तीन उघडी मनगटं. हिला माहीतच नाही!

"बोर्को, तू सांग."

बोर्को उभा राहिला. आधी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "मला नाही येत, बाई."

"बरं. रादित्सा?"

"मलापण नाही."

"पेत्को?"

पेत्कोनं नुसती मान खाली घातली. पुढच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "अरे, बाई डावेच उठवतायत!" पण ते यासेनापर्यंत पोचलं नाही. खडू हातात तसाच धरून ती म्हणाली, "मग हात का वर केलात?"

बोर्कोनं मान वळवून मागं मिलित्साबाईंकडे बघितलं. पण तोंडातून शब्द नाही काढला. पोरगं घरंदाज निघालं. शोपोव सर सोडून मागच्या बाकावरचे आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. मिलित्साबाई आपल्या जाकिटाचं बटण पिळत होत्या. घंटा झाली.

शिक्षक-खोलीत बानित्सा होतीच. यासेना कोट मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. मग सुरू झालं मोकळेपणानं बोलणं.

"फळ्यावरचं अक्षर काय सुरेख," दोब्रिंका म्हणाली.

"आवाज अगदी शेवटपर्यंत येत होता," रसायनवाले म्हणाले.

"रंगीत खडूंचा वापर," आणखी कुणीतरी.

यासेनानं सगळं ऐकून घेतलं. मग उठली. "पुरे. माझ्या मुलांना गणित येत नाही, हे मी सोसलं असतं. येत नाही त्यालाच तर शिकवायचं. पण आज सगळ्या वर्गानं मिळून, तुम्हां सगळ्यांसमोर माझी चेष्टा केली. असं ठरवून. त्यांच्यासमोर मी परत उभी राहू शकत नाही. सर, उद्या सकाळी मी तुमच्याकडे येते."

"यासेना, पोरांनी चेष्टा नाही केली गं," मी म्हणालो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कुणीतरी बोला ना! गावातल्या एका चांगल्या मास्तरीणबाईला आपण अक्षराचं कौतुक करून हाकलतोय! पण पुढचं वाक्य म्हणजे मिलित्साबाईंचं नाव, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मीसुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेला पोर. मी बानित्साचा तुकडा तोंडात कोंबला.

शोपोव सरांनी घाम पुसला. मग कचेरीतल्या सवयीनं विचारलं, "कुणाला काही म्हणायचं आहे का? असेल त्यांनी हात वर करावा."

मिलित्साबाईंनी हात वर केला. डावा. बाही खाली सरकली आणि मनगटावरचा धागा दिसला. नातीनं बांधला असणार, गाठ अगदी वेडीवाकडी होती.

"अग्गोबाई," दोब्रिंका एवढंच म्हणाली आणि तिनं बानित्साचं ताट खाली ठेवलं.

"बोला, मिलित्साबाई," शोपोव सर म्हणाले.

"बोलू काय? येत नाही म्हणून तर डावा वर केलाय." मग त्या यासेनाकडे वळल्या. हात तसाच वर. "पोरी, पाहुण्यांसमोर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. या शाळेत हे मी सुरू केलं. इथं सगळ्यांना माहीत आहे, तुला तेवढं कुणी सांगितलं नाही. तुझी मुलं तुझी चेष्टा करत नव्हती. तुझी अब्रू राखत होती. माझ्यासाठी करतात ना, तेच तुझ्यासाठी केलं त्यांनी."

यासेना उभीच. ते तिच्यात झिरपायला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे... ज्यांना येत नव्हतं, त्यांनी मला तसं सांगितलं होतं? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"इतके महिने मी तेच विचारत होते," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पण तुमचा हात कशाला, बाई? तुम्हांला काय येत नाही?"

हा प्रश्न त्या बाईला आजवर कुणी विचारला नव्हता.

"उण्यातून उणे वजा केलं की उत्तर वाढतं कसं," मिलित्साबाई म्हणाल्या. "मला सोडवता येतं गं. समजावता येत नाही. मी पाठ करून घेते, मुलं पाठ करतात. आज तू तो थर्मामीटर काढलास, तर मी बघत होते, आता ही काय सांगते. आणि घंटा झाली." त्यांनी हात अजून खाली घेतला नव्हता. "तू उद्या गेलीस, तर ते मला कळायचं राहून जाईल."

यासेनानं कोटाकडे बघितलं. मग तो खुंटीला अडकवला. एका कोटाकडे बघून मला इतकं हायसं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हात खाली घ्या आधी, अवघडला असेल," ती म्हणाली. "आता सांगा. भांड्यात पाणी आहे, त्यात बर्फाचे खडे आहेत. मी खडे काढून घेतले. वजा केले. पारा खाली जाईल की वर?"

"वर," मिलित्साबाई म्हणाल्या. आणि मग पुन्हा, हळू आवाजात, "वर. अगं पोरी."

बानित्सा थंड झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, दोब्रिंकाच्यासुद्धा. तिनं मध्येच स्वतःचा डावा हात वर करून विचारलं होतं, की पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्यांत घड्याळ पुढं का असतं हे सातवीच्या डोक्यात कुणी शिरवून देईल काय.

पुढच्या बुधवारी यासेनानं तोच तास परत घेतला. मिलित्साबाई मागं नव्हत्या, पहिल्या बाकावर होत्या, रादित्साशेजारी, चष्मा लावून. प्रश्न आला, सगळे हात वर गेले, पुन्हा तेच लाल-पांढरं.

"बोर्को, ऊठ."

बोर्कोनं कपाळाला हात लावला. "बाई, डावा आहे हो माझा!"

"दिसतोय मला," यासेना म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावतेय. ये, इथं फळ्यापाशी ये."