जिंकण्यासारखी केस

केस जिंकण्यासारखी आहे की नाही हे आधीच सांगणारं सॉफ्टवेअर वकिलाने मोठ्या हौसेने घेतलं होतं. ते नाही म्हणालं की पक्षकाराला चहा पाजून वाटेला लावायचं, हा त्याचा खाक्या. उगाच डोकेफोड कोण करणार?

आज समोर धाकटी बहीण बसली होती. रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटून तिचा नवरा गेला होता, आणि मालक म्हणत होते, चूक त्याचीच.

"दादा, लढशील ना?"

"लढणार म्हणजे काय! सोडतोय की काय त्यांना!"

याच कारखान्याची वकिली त्याने वर्षानुवर्षं केली होती. गेल्या वर्षी असलंच सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी त्याला नारळ दिला. तेव्हापासून तो दात धरून होता.

त्याने कागद आत घातले. कौल लगेच आला: हरणार. त्याने चिडून कारण विचारलं. पडद्यावर जुने निकाल सरसर उतरले. या कारखान्याविरुद्ध एकही विधवा जिंकली नव्हती; दर वेळी चूक मेलेल्याचीच ठरली होती. आणि दर वेळी ती ठरवून घेणारा वकील तोच होता.

"काय म्हणतंय रे दादा?"

त्याने पडदा स्वतःकडे वळवला आणि बहिणीसाठी चहा सांगितला.