चुन्याचा आळ

माझा उजवा डोळा गोपिकेमुळे गेला, हे अख्ख्या केळझरला माहीत आहे. असणारच, मीच सांगितलंय.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तंबाखू मळायला बसलो तर चुन्याच्या ट्यूबचं तोंड सुकून बंद झालेलं. बायकोनं सुई टोचून ते मोकळं करून दिलं आणि आत गेली. लगेच ट्यूब फुटली, चुना थेट डोळ्यात. "लय जोरात टोचली तुनं सुई!" मी बोंबललो. तेव्हापासून पहिली गरम भाकर माझी, पंख्याखालची खाट माझी आणि वांग्यांना पाणी द्यायची पाळी तिची. मी नुसता डोळ्यावर हात ठेवला की घरातला वाद मिटायचा. डोळ्याला दिसत काही नव्हतं, पण कामाला तो फार यायचा.

यंदा वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर माधवीबाई म्हणाल्या, "बंडूजी, दृष्टी परत येऊ शकते. बुबुळाच्या कडेला नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. तुमच्या त्या चुन्यानं जळाल्या. डाव्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढू, त्याचे बारीक कण करून उजव्यावर लावू. ते वाढत वाढत बुबुळ झाकतील."

हे मला लगेच कळलं. वाफ्यात रोपं मेली की चांगल्या वाफ्यातली आणून नांग्या भरतो, तसंच. पण वाफे माझ्याकडे वीस आहेत, चांगला डोळा एकच.

"दुसऱ्या कोणाचं नाई चालत, म्याडम?"

"जवळच्या नातेवाइकाचं चालतं. पण परक्या पेशींशी शरीर भांडतं, मग बराच काळ औषधं घ्यावी लागतात. स्वतःचं सगळ्यात चांगलं."

मागं बसलेली गोपिका उठून पुढं आली. "माह्या डोळ्यातलं घ्या. यायच्या चांगल्या डोळ्याले हात नका लावू. चूक माहीच होती."

खोटं कशाला सांगू, घेतात तर घेऊ देत, असं मनात आलं. तेवढ्यात तिनं चष्मा काढला आणि डॉक्टरांपुढं तोंड वर केलं, आत्ताच कापायचं असल्यासारखं. मला माझी भयंकर लाज वाटली.

"गोपिका, तुह्या सुईनं काईच नाई झालं," मी म्हणालो. "चुना हळू येऊन राह्यला होता, म्हून म्या ट्यूबचं बूड दातानं तोडलं. तू आत गेलती."

तिनं चष्मा पुन्हा लावला.

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

तुकडा माझ्याच डाव्या डोळ्यातून निघाला. पुढचे दोन महिने ती दिवसातून सहा वेळा न चुकता थेंब टाकायची. दोन बोटांनी माझा डोळा उघडायची, स्वतःचं तोंड मात्र उघडायची नाही. भाकर गार यायची. खाट अंगणात गेली.

काल डॉक्टरांनी डावा डोळा हातानं झाकला. "बघा, काय दिसतं?"

आधी सगळं धूसर. मग चष्मा दिसला, मग कपाळावरचे पांढरे केस, मग भुवया.

"गोपिका दिसते," मी म्हणालो. "रागात हाय."

दोन महिन्यांनी बायको पहिल्यांदा बोलली.

"बरोबर दिसून राह्यलं यायले, म्याडम. उद्यापासून वांग्याले पाणी हेच देतीन."