दरीपलीकडची हाक

सकूला ती हाक तिन्हीसांजेला ऐकू यायची. खोडाळा गावाच्या खालच्या अंगाला तिचा पाडा, समोर दरी, आणि दरीतून तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, तुकाचा आवाज, "कवा येता रं?" पाड्यात दुसऱ्या कुणाला काही ऐकू येत नसे. म्हातारीचे कान वाजतात, म्हणायचे मेले.

झालं होतं असं. खाणवाल्या ठेकेदाराचं मशीन डोंगर फोडायला आलं, तेव्हा तुका आणि त्याचे सोबती वाट अडवून उभे राहिले. ठेकेदाराची माणसं काठ्या घेऊन उतरली. सोबती म्हणाले, चल, आधी जीव वाचवू. तेवढ्यात दरीपलीकडच्या पाड्यातून आरोळी आली, "हटू नका! आम्ही आलोच!" तुकाला असं बळ चढलं की विचारू नका. मार खाताखाता तो दरीकडे तोंड करून विचारत राहिला, "कवा येता रं?" कुणी आलं नाही. तुका तिथंच गेला.

पलीकडच्यांच्या मनात खोट नव्हती, हे सकूलाही कळायचं. काठ्या बघून ते मागं फिरले. बायकापोरं कुणाला नसतात? पण मग ओरडलात कशाला, मुडद्यांनो?

यंदा नात रविना जव्हारच्या कॉलेजातून सुट्टीला आली, ती मोबाइलला चिकटूनच. "आजी, बघ, आपली मिला!" मिला ही परदेशी पोरगी. नागलीच्या बियाण्याचा अभ्यास करायला आली आणि अख्खा पावसाळा सकूच्या चुलीपाशी राहिली. मोडकंतोडकं मराठी शिकली, भाकरी थापताना हात भाजून घेतला, तरी हसत होती. आता तिच्या देशातली पोरं सरकारविरुद्ध चौकात बसली होती, त्यांत मिला. चौक सोडा, नाहीतर गोळ्या घालू, असं लष्करानं बजावलं होतं.

"मोठमोठे देश त्यांच्या बाजूनं बोललेत," रविना म्हणाली. "मिलाला तुझ्या आवाजात निरोप हवाय. बोल, हटू नका, आम्ही आहोत."

सकूनं मोबाइल दूर सारला. "ते देश जानार हायेत का तिथं?"

"जाणार नाहीत गं. पाठिंबा असतो तो."

"मंग गोळी सुटंल तवा आडवं कोन हुईल?"

रविना भडकली. "म्हणजे गप्प बसायचं? आजाला मारलं ते कुणाला कळलं तरी का? जगानं आरडाओरडा केला असता, तर ठेकेदार टरकला असता!"

पोरीचं खोटं नव्हतं. तुकासाठी एकही माणूस बोलला नाही, हे तिला आजही सलायचं. तिनं मोबाइलपाशी तोंड नेलं.

"मिला, बाय, मी सकू. तुजं खरं हाय, ते मी समद्यांना वरडून सांगन. पन आमी येनार नाय. कुनीच येनार नाय. हे ऐकून मंग काय ते ठरव. उठून घरी गेलीस तरी तू माजीच."

रविनाची मान खाली गेली. "आजी, सकाळीच आम्ही पोरापोरींनी व्हिडिओ पाठवला. हटू नका म्हणून. तिचं उत्तरही आलं, आता नाही हटत."

"मंग हे धाड! आत्ता धाड!"

धाडलं. पण तिकडं पोचेना. मोबाइलवर एकच टिक दिसत राहिली. दोघी अंगणात बसून राहिल्या आणि ऊन डोंगरामागं गेलं.

दरीतून हाक आली, "कवा येता?"

सकूनं सवयीनं कानांवर हात नेले, आणि ते तसेच राहिले. आवाज तुकाचा नव्हता. शेजारी रविना उठून उभी होती, दरीकडे बघत; हातातल्या मोबाइलवर अजून एकच टिक.

"आजी," ती म्हणाली, "मिला विचारतेय. काय सांगू?"