पोट मऊ

नळीवाल्या बाईंचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? शिंपी सकाळी आठपासून पोट धरून गडाबडा लोळतोय, आणि दुपारी दोनपर्यंत त्याला मिळालं काय, तर गॅसचं इंजेक्शन!

या डॉक्टरणीला अख्खं हॉस्पिटल नळीवाल्या बाईच म्हणे. पोट न फाडता, जांघेतून बारीक नळी घालून त्या रक्ताच्या गाठी ओढून काढत. शिंप्याच्या आतड्याला रक्त नेणारी मोठी वाहिनी अशाच गाठीने अचानक बुजली होती. सहा तास झाले होते. रक्ताविना आतडं इतका वेळ दम धरत नाही.

"पोट मऊ, पोट मऊ, पोट मऊ!" बाईंनी केसपेपर आपटला. "तिघांनी एकमेकांचं बघून उतरवलंय! अगं, माणूस किंचाळतोय आणि पोट मऊ लागतंय, तिथेच तर घाबरायचं असतं!"

ज्युनियर डॉक्टरीण तो उचलायला वाकली.

नळी आत गेली. पंचवीस मिनिटांत काळपट गाठ सिरिंजमध्ये आली आणि पडद्यावर वाहिनीच्या सगळ्या फांद्या भरल्या.

"वा, मॅडम!" टेक्निशियन म्हणाला.

"वा काय वा! आतडं जिवंत असलं तर वा."

नव्हतं. सर्जनने पोट उघडून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त काळंठिक्कर. तेवढं कापावं लागलं. शिंपी वाचला, पण पोटभर जेवण संपलं.

बाईंनी ज्युनियरला दाराशीच गाठलं. "मला एक फोन करता येत नव्हता? तोंड शिवलं होतं का तुझं?"

पोरीचे डोळे भरले. "केला होता, मॅडम. सव्वानऊला. तुमची दुसरी केस चालू होती, या टेक्निशियन दादांनी फोन तुमच्या कानाला धरला होता. तुम्ही विचारलंत, पोट कडक आहे का? मी म्हटलं, मऊ आहे. तर म्हणालात, मग माझं डोकं कशाला खातेस."

बाईंनी टेक्निशियनकडे पाहिलं. तो नजर चुकवून ट्रॉली आवरत राहिला. बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात शिंप्याची बायको हात जोडून पुढे आली. "तुम्ही होतात म्हणून वाचले हो!"

"हात खाली करा आधी!" बाई तिच्यावरच खेकसल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली. "बसा. सकाळी सव्वानऊला काय झालं, ते माझ्याच तोंडून ऐका."