डावा कार्बोरेटर थोरल्याचा

सकाळपासून दोघे भाऊ मोटारसायकलच्या दोन बाजूंना, एकमेकांचं तोंड दिसणार नाही अशा बेताने बसून आपापला कार्बोरेटर धूत होते. थोरल्यापुढे थोरल्याची पितळी, धाकट्यापुढे धाकट्याची. पेट्रोलची डबडीसुद्धा दोन. त्यांची आई ओट्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेली वांग्याची रोपं राखत बसली होती आणि आपण दोन पोरं जन्माला घातली की दोन तक्रारअर्ज, याचा विचार करत होती.

गाडी तिच्या नवऱ्याची. जुनी, दणकट, दोन सिलिंडरची, म्हणून कार्बोरेटरही दोन. नवरा गेल्यावर शेताची वाटणी झाली, गोठ्याची झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. गाडी मात्र कापता येईना. वाटणीला बसलेले मास्तर शेवटी वैतागून म्हणाले, डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची, आता मला घरी जाऊ द्या. मास्तरांनी थट्टा केली होती. या दोन शहाण्यांनी ती कागदावर उतरवून घेतली. तेव्हापासून डाव्या कार्बोरेटरला धाकट्याने बोट लावलं नव्हतं आणि उजव्याकडे थोरल्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. बोलणं तर बंदच होतं.

म्हातारीच्या वाट्याला विहिरीमागचा तुकडा आला होता, कारण तिथे दगडांशिवाय काही नव्हतं. तिने वर्षभर दगड वेचले, वाफे केले आणि रोपं विकायला लागली. जन्मात पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काही झालं होतं. पोरांना ते खुपत होतं. या वयात हे उद्योग कशाला, बंद कर, असं दोघंही वेगवेगळं येऊन सांगून गेले होते. या एका बाबतीत त्यांचं न बोलता एकमत होतं.

आज नदीपलीकडच्या मळेवाल्याने तिची सगळी रोपं मागवली होती. मागल्या खेपेला उशीर झाला होता, म्हणून या वेळी दुपारच्या आत आली नाहीत तर दुसरीकडून घेईन, असा त्याचा निरोप होता. पूल खचल्यामुळे त्यावरून फक्त दुचाक्या सोडत. पहाटे उपटलेली रोपं दुपारनंतर माना टाकणार. म्हणजे गाडी चालू झाली नाही तर तिच्या वाफ्यांचं काही खरं नव्हतं.

कार्बोरेटर बसले. थोरल्याने किक मारली. गाडी खोकली, धडधडली आणि पिसाळल्यासारखी उभ्या जागी नाचायला लागली. डावीकडून धाडधाड आवाज, उजवीकडून नुसता सुस्कारा. एक बैल उधळलाय आणि दुसरा रवंथ करतोय, असा प्रकार. मग बंद पडली.

थोरला गाडीकडे बघत आईला म्हणाला, "त्याला सांग, त्याची बाजू मेलीय."

"त्याला सांग," धाकटा आभाळाकडे बघत म्हणाला, "स्वतःचा स्क्रू पिळून पिळून माझी बाजू त्यानेच मारलीय."

थोरल्याने पुन्हा कार्बोरेटर सोडला आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक साफ करायला तार उचलली. तेव्हा मात्र म्हातारी उठली. तीस वर्षं नवरा हेच काम करायचा आणि ती शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी असायची. नवऱ्याने तिला कधी काही शिकवलं नाही, पण बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. शिव्यांसकट पाठ होतं तिला. पोरांनी कधी विचारलं नाही, म्हणून ती बोलली नव्हती, एवढंच.

"तार टाक. भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल नुसती ढोसेल. बापाने कधी तार घातली नाही."

तिने धाकट्यालाही त्याचा कार्बोरेटर सोडायला लावला आणि दोघांच्या पितळ्या एकात एक रिकाम्या केल्या. दोघे हां हां करत उठले. आता माझा जेट कुठला आणि त्याचा कुठला, हे सांगणार कोण? कुणीच नाही, म्हणून तर केलं, असं म्हणून तिने सायकलचा पंप आणून एकेका भोकात हवा मारायला लावली. पेट्रोलवर तरंगणारे फ्लोट हलवून बघितले. मग हवेचे दोन्ही स्क्रू आत टेकेपर्यंत फिरवायचे आणि दीड आटा बाहेर घ्यायचे. दोन्हीकडे दीडच. सव्वा नाही, पावणेदोन नाही.

गाडी चालू झाल्यावर तिने थोरल्याला मागे बसवलं. दोन्ही सायलेन्सरच्या मागे वीतभर अंतरावर एकेक तळहात धर म्हणाली. धाकट्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि रेसचे स्क्रू दाखवले. दोन्ही बाजूंचे.

"डाव्याला तो हात लावणार?" थोरल्याने विचारलं.

"नको असेल तर रोपं डोक्यावर घे आणि निघ."

थोरल्याने तळहात धरले. डाव्या तळहातावर धक्के जोरात बसत होते, उजव्यावर फुसके. मग दीड वर्षात पहिल्यांदा तो सरळ भावाशी बोलला.

"डावा जास्त आहे. कमी कर."

"किती?"

"थोडा. अजून. आता उजवा वाढव. बस."

दोन्ही हातांवर सारखे धक्के बसायला लागले आणि गाडी शांत, एका सुरात चालू लागली. थोरला चालवायला, धाकटा मागे टोपल्या धरून, असे दोघे निघाले. त्यांना एका गाडीवर बघून म्हातारीचे डोळे भरून आले.

दुपारी दोघे हसत परत आले. मळेवाला खूश होता, पुढच्या महिन्यात दुप्पट रोपं मागत होता. आणि वाटेत दोघांचं भरपूर बोलणं झालं होतं.

"आई, आम्ही ठरवलंय," थोरला म्हणाला. "एवढा पसारा आता तुला झेपायचा नाही. वाफे आम्ही दोघं बघतो."

"उद्या मधून बांध घालून घेऊ," धाकटा म्हणाला. "तू आराम कर."

म्हातारीने दोघांना जेवायला वाढलं. तिला राग आला आणि त्याहून जास्त हसू आलं. पोरं जेवून पसरल्यावर ती स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीपाशी गेली. रेसचा डावा स्क्रू तिने एक आटा आत घेतला, उजवा एक आटा बाहेर.

सकाळी गाडी पुन्हा नाचली. माझ्या बाजूला हात कुणी लावला, यावरून सुरू झालं ते बापापर्यंत गेलं आणि ऊन चढायच्या आत दोघांचं बोलणं बंद झालं. म्हातारीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बांधाची दोरी ताणायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. मळेवाल्याच्या खेपेच्या आदल्या दिवशी गाडी परत जुळवून द्यायची असं मनाशी ठरवून तिने झारी भरली आणि ती वाफ्यांना पाणी घालायला गेली.