पाशाला पसरायला जागा

पाशा दीड मीटरचा झाला आणि माझ्या बाल्कनीवर संक्रांत आली.

पाशा म्हणजे आमचा अजगर. पेर्निक शहरात, आठव्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. एकीत सासूबाई, दोब्रिंकाबाई, झोपतात. दुसरीत मी, नवरा स्टामेन, टीव्ही, पाशाची काचेची पेटी आणि मालिका बघत दिवसभर सोफ्यावर बसलेल्या त्याच सासूबाई. बाल्कनीला स्टामेननं लग्नाच्या वर्षी काचा बसवल्या; बाल्कनी तीन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद. कामावरून आले की तिथं दार लावून कॉफी प्यायची, एवढंच माझं सुख. संडास सोडला तर मला आतून लावता येईल असं या घरात दुसरं दार नाही.

पाशा ज्याच्याकडून घेतला त्या सापवाल्यानं फोनवर सांगितलं, पेटी सापापेक्षा आखूड नको, रुंदी त्याच्या निम्मी हवी. त्याला सरळ पसरता आलं पाहिजे. स्टामेन टेप घेऊन घरभर रांगला.

"फक्त बाल्कनीत बसते. एक साठ बाय ऐंशी."

"आणि मी?"

"तुला एक चाळीस उरते की! खुर्ची आरामात मावेल."

"मी एक बासष्ट आहे, स्टामेन. त्याला पसरायला हवं, मला नको?"

"तू काय बाल्कनीत आडवी होतेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून हा माणूस ऐकत नाही, मग मी त्याच्या लाडक्यालाच पुढे केलं.

"जानेवारीत तिथं मिरच्यांच्या बरण्या गोठतात. पाशाला तीस अंश ऊब लागते. मारायचंय का त्याला?"

त्यानं टेप मिटली. मी लगेच भिंतभर पसरलेल्या कपाटाकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी दोन वर्षं नंबर लावून मिळवलेलं, चार मीटर लांब, आत कधी कुणी ओठ न लावलेले बिलोरी पेले. इथं घरोघरी असं कपाट असतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

"हे काढ. तिथं पेटी बसेल."

आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी सासूबाईंकडे बघितलं. दोब्रिंकाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"काढ रे. मुक्या जनावराला थंडीत नको टाकू. पण माझं कपाट टाकायचं नाही हं, माझ्या खोलीत लाव."

मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. जिंकले होते मी!

शनिवारी कपाट सुटं करून त्यांच्या खोलीत उभं केलं. नवी पेटी आली. पाशा पहिल्याच दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ लांब झाला. स्टामेनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

सोमवारी कामावरून आले, कॉफी केली आणि बाल्कनीचं दार उघडलं. माझ्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर विणकाम.

"आई, तुम्ही इथं?"

"मग कुठं जाऊ? तिकडं तो मेला टक लावून बघतो, मालिकेत लक्ष लागत नाही. माझ्या खोलीत त्या कपाटानं पाय टाकायला जागा ठेवली नाही." त्यांनी पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस गं. चांगली तीन मीटर आहे, दोघींना जन्मभर पुरेल."

मी कप धरून उंबऱ्यातच उभी राहिले.

"आणि ते दार लाव," त्या म्हणाल्या. "वारा येतोय."

मी बाल्कनीत शिरले आणि आतून दार लावलं.