पूनमचं तेलुगू

तामसीकडून बसनं आदिलाबादच्या कॉलेजात येणाऱ्या पोरी एकट्यानं कॉलेजच्या आरोग्य केंद्राची पायरी कधी चढायच्या नाहीत. तिथल्या नर्सबाईंना मराठी येत नव्हतं आणि तेलुगू बोलायची वेळ आली की पोरींची बोबडी वळायची. म्हणून पूनमला सोबत न्यायची रीतच पडली होती. तिची शाळा तेलुगू माध्यमातली, त्यामुळे कुणाची पाळी, कुणाची खरूज, सगळं तिच्या तोंडून नर्सबाईंपर्यंत जायचं. ऐकलेलं ती पोटात ठेवायची, हे मात्र खरं.

पण तिचं स्वतःचं दुखणं कुणी सांगावं? पोळ्यापासून तिला जिना चढताना धाप लागत होती, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. थोरल्या बहिणीला अशीच चक्कर आली, तेव्हा वडिलांनी, सुधाकररावांनी, तिचं कॉलेज बंद केलं ते कायमचंच. पूनमला बी.एस्सी. पुरं करायचं होतं. म्हणून ती गप्प होती.

त्या दिवशी हॉस्टेलात राहणाऱ्या भाग्यश्रीचं पोट दुखायला लागलं. पूनम तिला घेऊन गेली. काय त्रास आहे, असं नर्सबाईंनी विचारलं आणि पूनमच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, भाग्यश्रीच्या नावावर तिनं आपलंच सगळं सांगून टाकलं. धाप, अंधारी, पाळीत फार जाणारं रक्त. भाग्यश्रीला तेलुगूतलं ओ की ठो कळत नाही, असा तिचा समज.

नर्सबाईंनी भाग्यश्रीची खालची पापणी ओढून पाहिली. चांगली लालबुंद. त्या बुचकळ्यात पडल्या, तरी रक्त तपासायला म्हणून त्यांनी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. आता मात्र पूनमला घाम फुटला. गप्प राहावं तर मैत्रिणीला उगाच सुई, बोलावं तर आपलं बिंग फुटणार.

तोच भाग्यश्री शांतपणे म्हणाली, "नाकु कादु, अक्का. दीनिकि." मला नाही, हिला. तोडकंमोडकं, पण तेलुगूच.

"तुले समजते?" पूनम म्हणाली.

"समजते. बोलाले लाज वाटते." भाग्यश्रीनं पट्टा सोडून घेतला. "पोट नाई दुखत माहं. जिन्यात तुले धाप लागते ते दिसते मले. तू सोतासाठी कवाच येत नोती, म्हून आणलं."

पूनमला रडू कोसळलं. लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. कॉलेज सुटायची भीती तिनं नर्सबाईंना सांगून टाकली. त्यांनी तिची पापणी पाहिली, रक्त घेतलं. अंगात रक्त कमी दिसतंय, गोळ्यांनी बहुतेक भरून येईल, कॉलेज सोडायचं काही कारण नाही, असं त्या म्हणाल्या. घरी त्या कळवणार नव्हत्या, पण पूनमनंच सांगितलेलं बरं, असं त्यांचं मत पडलं.

"बापूले कोण सांगन?" पूनमनं डोळे पुसले. "ते मले घरीच बसवतीन."

"मी येतो आज तुह्यासंगं तामसीले," भाग्यश्री म्हणाली. "त्याईले तं मराठीतच सांगाचं हाय ना. ते येते मले."